आगरदांड्याला निघालेलं पान

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजी पाटील रक्तदाब तपासायला आगरदांड्याच्या दवाखान्यात गेले आणि प्रिंटरच्या तोंडाशी पडलेला एक कागद त्यांनी वाचला. वाचायला नको होता. पण छापलेला कागद दिसला की आपला माणूस वाचतोच, मग तो भेळीचा पुडा का असेना. कागदावर होतं की खाडीपलीकडच्या दिघीच्या रुचिकाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले आहेत. ही रुचिका म्हणजे बाबाजींच्या पुतण्याची, प्रज्योतची, ठरलेली नवरी. साखरपुडा झाला होता आणि तुळशीचं लग्न लागलं की पहिल्या मुहूर्ताला बार उडवायचा होता.

दुपारपर्यंत त्या कागदाचा फोटो खाडीच्या दोन्ही काठांवरच्या मोबाईलांत पोचला. संध्याकाळी लग्न मोडलं.

आता यात मी कुठे आलो ते सांगतो. सागरकाठ आरोग्य न्यासाचे मुरुडपासून म्हसळ्यापर्यंत सहा छोटे दवाखाने आहेत. तपासण्या सगळ्या मुरुडच्या लॅबमध्ये होतात, आणि रिपोर्ट मात्र ज्या दवाखान्याचा पेशंट तिथल्या प्रिंटरवर छापून निघतो. सहाही प्रिंटर मुरुडच्या ऑफिसातून एका वेबपानावर दिसतात. कुठे कागद संपला, कुठे शाई संपली, कोणतं पान कधी निघालं, सगळं बसल्या जागी कळतं. प्रिंटर असे लांबून कसे सांभाळावेत याचं एक मानक आहे. मानक म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकाच रीतीनं वागावं म्हणून कलमवार लिहिलेलं पुस्तक. ते ज्या समितीनं लिहिलं तिचा मी सचिव होतो. जीवन घरत माझं नाव. तीस वर्षं प्रिंटर उघडले, दहा वर्षं त्यांचे नियम लिहिले, आणि आता मुरुडला बागेतल्या नारळांना पाणी घालतो.

न्यासाच्या डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर चहा घेत होतो. दिघीचा रिपोर्ट आगरदांड्याला निघालाच कसा, एवढंच त्यांना हवं होतं. मी वेबपान उघडून नोंद पाहिली. आगरदांडा, दसरा, सकाळी दहा बावन्न, एक पान, जबाबदार दिपाली. दिपाली तिथली कारकून, यंत्र तिच्या ताब्यात.

आता चौदावं कलम असं आहे की एखादा प्रिंटर उत्तर देईनासा झाला तर त्याचं पान आपोआप जवळच्या दुसऱ्या प्रिंटरवर वळतं. पण अशा वळलेल्या पानाच्या कोपऱ्यात बाण छापला जातो आणि नोंदीतही बाण येतो. इथे नोंदीत बाण नव्हता.

"पान वळलेलं नाही, बाई," मी म्हणालो. "तिथल्याच कोणीतरी मुद्दाम मागवलंय."

"तिथे दिपालीशिवाय कोण आहे?" बाई म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं, गेल्या वर्षी प्रज्योतचं स्थळ आधी दिपालीला आलं होतं आणि ते फिसकटलं होतं.

झालं. कारण सापडलं, पुरावा सापडला, आणि माझा चहासुद्धा निवला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. दिपालीला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं.

२

तीन आठवड्यांनी दिपालीची आई दारात उभी राहिली. येसूबाई नाव, भातशेतीतली बाई, पदर कमरेला खोचलेला. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली.

"साहेब, शनिवारी न्यासाची मीटिंग हाय. माझ्या पोरीला कायमची काढनार. तुम्ही म्हनाला म्हनून काढनार."

"मी नोंदीत होतं ते सांगितलं, येसूबाई."

"व्हय. नोंदीत." तिनं मान हलवली. "पोर जेवत न्हाय. नोकरीचं नंतर बघू. ही रुचिका तिची लहानपनची मैतरीन हाय. चार महिने खोकत व्हती, घाबरून कोनाला सांगत नव्हती. माझ्या पोरीनंच तिला समजावली, गुपचूप मुरुडला नेली, थुंकी तपासायला दिली. आन आता तीच रुचिका म्हनते, दिपानं माझं गुपित गावात वाटलं. फोन उचलत न्हाय."

नियमाच्या माणसाला अशा वेळी सुचतं तेही नियमाचंच असतं.

तिनं कनवटीचा फोन काढला, खटपट करून एक फोटो उघडला आणि तो हात लांब धरून माझ्यापुढे केला, जसा काही विंचू होता. "यो कागद बगितला व्हता का तुम्ही?"

नव्हता बघितला. खरं सांगायचं तर बघावासाही वाटला नव्हता. नोंद बघितली की कागद कशाला बघायचा, अशी माझी उभ्या जन्माची समजूत.

मी चष्मा लावला. वर दिघी दवाखान्याचं नाव, खाली रुचिकाचं नाव, वय, तारीख, निकाल. चारही कोपरे कोरे, बाण नाहीच. पण मजकूर सगळा पानाच्या वरच्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं बसलेला आणि खालचं अर्धं पान पांढरंफटक. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला, लहान करून पाहिला.

"काय झालं?" येसूबाईनं विचारलं.

"हे पान आगरदांड्यासाठी मागवलेलंच नाही," मी म्हणालो.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्यासाच्या ऑफिसात हजर. वेबपान सांभाळणारा राहुल नवी मुंबईत शिकून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, कानात कायम काहीतरी खुपसलेलं.

"काका, टेन्शन नका घेऊ. लॉग झूठ नाही बोलत," तो म्हणाला. "आणि मी तुमचं पुस्तक वाचून एकेक कलम टाकलंय. प्रत्येक मशीनची जागा नकाशावर मार्क केलीय, तुमच्या सातव्या कलमाप्रमाणे. मशीनं पण तुमच्याच मानकाचा शिक्का असलेली घेतली."

"दिघीचा रिपोर्ट आगरदांड्याच्या यंत्रावर कोण काढू शकतं?"

"दोघंच. लॅबमधून रितेश नाहीतर तिथून दिपाली. तिचा पासवर्ड आहे ना."

"घरी बसून?"

"घरी बसून, बोटीत बसून, लग्नाच्या पंगतीत बसून. मोबाईल आहे की."

म्हणजे कोण कुठे होतं हे विचारण्यात अर्थ नव्हता. पूर्वी त्या एका प्रश्नात निम्मा तपास उरकायचा. ती सोय आम्हीच घालवली.

मी राहुलला एक जुना, नाव काढून टाकलेला दिघीचा रिपोर्ट आगरदांड्याच्या यंत्राकडे पाठवायला लावला आणि छापण्याआधी पान पडद्यावर कसं दिसतं ते दाखव म्हटलं. पान पडद्यावर आलं, पूर्ण आकाराचं, मोकळं, ऐसपैस, वर आगरदांडा दवाखान्याचं नाव. मग तोच दिघीच्या यंत्राकडे. पान अर्ध्या आकाराचं, दाटीवाटीचं, वर दिघीचं नाव. दिघीला छोटं यंत्र आहे, अर्ध्या कागदावर छापणारं. आणि पान कोणत्या यंत्रासाठी मागवलं त्यावर त्याचं माप आणि मथळा ठरतो, कोणाचा रिपोर्ट आहे त्यावर नाही.

राहुलनं कानातलं काढलं. "म्हणजे दिपालीनं मागवलं असतं तर..."

"तर पान भरून आलं असतं, आणि वर आगरदांडा असतं. फोटोतलं पान दिघीच्या यंत्रासाठी बांधलेलं आहे, फक्त निघालंय मोठ्या कागदावर."

शेजारच्या खोलीत रितेश होता, लॅबमध्ये तपासण्या करणारा. हा प्रज्योतचा मावसभाऊ, त्यामुळे माझा त्याच्यावर डोळा होताच. मी आत शिरताच त्याचा चेहरा पडला.

"मला विचारणारच कोणीतरी, माहीत होतं," तो म्हणाला. "रिपोर्ट मी बनवला. नाव वाचलं तेव्हा हात थांबला माझा, काका. माझी होणारी वहिनी होती. पण मी घरात आईलासुद्धा बोललो नाही. आजारी माणसाचा कागद म्हणजे देवघरातलं सोवळं, असं आम्हाला शिकवलंय."

"पाठवलास कुठे?"

"दिघीलाच. दहा पन्नासला. दसऱ्याच्या दिवशी लवकर बंद करायचं होतं, म्हणून घाईत पाठवला. 'पूर्ण' असं आलं, मी कुलूप लावलं."

"आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही सांगितलं दिपालीनं काढला, मला वाटलं तिनं पुन्हा काढला असेल."

तुम्ही सांगितलं. हे दोन शब्द मी त्या आठवड्यात बरेचदा ऐकणार होतो.

पानाचं माप रितेशचं बोलणं खरं ठरवत होतं, आणि त्याच मापानं दिपालीही सुटत होती. पाठवणाऱ्यानं दिघीच निवडली होती. मग ते खाडी ओलांडून आगरदांड्याला निघायला एकच वाट उरली, चौदावं कलम. दिघीचं यंत्र गप्प असलं पाहिजे. पण मग बाण कुठे गेला? माझंच एक कलम दार उघडत होतं आणि माझंच दुसरं कलम ते धाडकन लावत होतं.

४

यंत्र कधी बंद होतं हे वेबपान नोंदत नाही, म्हणून आगरदांड्याहून बोटीनं दिघीला गेलो. तिथला दवाखाना म्हणजे दोन खोल्या. यंत्र रंगूबाईच्या ताब्यात, झाडलोटीपासून रिपोर्ट वाटण्यापर्यंत सगळं तीच बघते.

"दसऱ्याला मशीन चालू होती का?" मी विचारलं.

"चालू व्हती. नियम हाय ना, चोवीस तास चालू ठेवायची. कागद लावलाय बगा भिंतीवर." ती धडा पाठ केलेल्या पोरासारखी एका दमात बोलली आणि टेबल पुसायला लागली. टेबल आधीच पुसलेलं होतं.

"रुचिकाचा रिपोर्ट त्या दिवशी आला?"

"न्हाय. सनाचा दिवस, मला वाटलं उद्या येल."

मी यंत्र न्याहाळलं. वर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, मागे झेंडूची वाळलेली पाकळी अडकलेली. पूजा झाली होती, त्यात नवल नाही. आपल्याकडे कोयत्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांची होते. मग मी भिंतीपाशी वाकलो आणि वायरचा प्लग ओढून काढला. त्याच्या पितळी काड्यांच्या बुडाशी कुंकू होतं, चांगलं बोटभर लावलेलं आणि सुकून घट्ट झालेलं.

प्लग भिंतीत असताना त्या काड्यांना कुंकू लावता येत नाही.

"रंगूबाई," मी हळूच म्हणालो, "पूजेला वायर काढली होतीत ना?"

ती स्टुलावर बसली. "साहेब, माझी नोकरी जाईल."

"नाही जाणार. सांगा."

"अवजाराला दसऱ्याला इसावा द्यावा लागतो. नांगराला देतो, कोयत्याला देतो, जात्याला देतो. बारा महिने राबते ती मशीन, मग तिला एक दिस का न्हाय? सकाळी नवाला वायर काढली, धुतलेल्या फडक्यानं पुसली, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिशी नवाला परत लावली. आमच्या आयबापानं असंच शिकवलं."

तिला काय बोलणार? माझ्या बापानं मिठागरातलं फावडं दसऱ्याला पाटावर ठेवलेलं मी पाहिलंय. त्या दिवशी फावड्याला हात लावला म्हणून मार खाल्लाय. आणि मीच पुढे मोठा होऊन यंत्र चोवीस तास चालू ठेवावं असं लिहिलं. समितीत बावीस माणसं होती. कागद अडकला तर काय, वीज गेली तर काय, चोरानं यंत्र उचललं तर काय, सगळ्याचा खल केला. दसरा कोणाच्या डोक्यात आला नाही. इतरांचं सोडा, माझ्याही आला नाही.

परतीच्या बोटीत मी बाहेर बघत बसलो. दिघीहून गाडीनं निघालं तर न्यासाचा जवळचा दवाखाना बोर्लीचा. पण राहुलनं यंत्रांच्या जागा नकाशावर टाकल्या होत्या, आणि नकाशावर सरळ रेघ मारली तर दिघीला सगळ्यात जवळ आगरदांडा, मधे फक्त पाणी. माझ्या कलमात जवळ म्हणजे सरळ रेघेत जवळ. आणि या खाडीवर पाण्यापलीकडचं गाव हेच सोयरिकीचं गाव असतं. एखाद्या पोरीच्या आजाराचा कागद जिथे अजिबात जायला नको, नेमका तिथेच पाठवणारं कलम मी लिहून ठेवलं होतं.

राहिला बाण.

५

दिपालीच्या घरी गेलो तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, चेहरा ओढलेला. मला ओळखलं, उठली, खुर्ची आणून ठेवली आणि परत सुपाशी बसली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"दसऱ्याला तू यंत्राची पूजा केलीस?"

"केली. नऊ वाजता. मग दवाखाना बंद करून घरी आले."

"वायर काढली होतीस?"

"नाही, काका. काढावीशी वाटली होती. पण भिंतीवर तुमचा नियम आहे ना." तिनं खडा वेचून बाजूला टाकला. "मी नियम पाळला."

मी खाली बघितलं. तिनं वायर काढली असती तर पान तिच्याकडे निघालंच नसतं.

मी म्हटलं, आज तीन वाजता आपण करून बघू. रंगूबाईला फोन केला, तीनला वायर काढा. राहुलला फोन केला, तीन वाजून पाच मिनिटांनी दिघीच्या यंत्राकडे चाचणीचं पान पाठव. डॉक्टरबाईंनाही बोलावलं. दिपालीला दवाखान्यात यायची बंदी होती, म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तीन वर्षं जिथे तिनं काम केलं तिथे ती चप्पल न काढता, परक्यासारखी उभी होती.

तीन सहाला आगरदांड्याचं यंत्र गुरगुरलं आणि पान बाहेर आलं. मजकूर अर्ध्या भागात, वर दिघीचं नाव, खालचं अर्धं पान कोरं. फोटोतल्यासारखंच.

डॉक्टरबाईंनी ते उचललं. मग दिपालीकडे न बघता मला विचारलं, "बाण कुठे आहे, घरत?"

चारही कोपरे कोरे होते. मी राहुलला फोन लावला आणि नोंद बघायला सांगितली. आगरदांडा, तीन वाजून सहा मिनिटं, जबाबदार म्हणून दिपालीच्या जागी आलेल्या बाईंचं नाव. बाण नाही.

"यंत्र नियम मोडतंय," मी ओरडलोच. "कंपनीला कळव. हे मानकात बसत नाही."

"बसतं, काका," राहुल पलीकडून म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "मी कालच चेक केलं, सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही घरी जाऊन पुस्तक बघा. शेवटचं परिशिष्ट."

६

पुस्तक कपाटात होतं. एकशे चाळीस पानं, आत माझं नाव, त्याखाली माझी सही. इतक्या वर्षांत मी ते उघडलं नव्हतं, कारण मला ते तोंडपाठ आहे अशी माझी खात्री होती.

चौदावं कलम: यंत्र उत्तर देत नसल्यास पान जवळच्या यंत्राकडे वळवणे. सक्तीचे.

बाणाचं कलम चौदाव्याखाली नव्हतंच. ते शेवटच्या परिशिष्टात होतं, दहाव्या ओळीत: वळवलेल्या पानावर व नोंदीत तशी खूण करणे. ऐच्छिक.

आणि मग मला ती दुपार आठवली. नऊ वर्षांपूर्वी, पुण्यातल्या एका हॉटेलातला हॉल, बैठकीचा चौथा दिवस. सगळी कलमं झाली होती, बाणावर गाडं अडलं होतं. यंत्रं बनवणाऱ्यांचं म्हणणं, स्वस्त यंत्रांना हे झेपणार नाही, सक्ती केलीत तर आम्ही चौदाव्यालाही हो म्हणणार नाही. विरोधात एकच बाई होत्या, एका इस्पितळाच्या कचेरीतून आलेल्या. त्या म्हणत होत्या, "कागद हातात पडेल त्या माणसाला कळायला हवं की हा आपला नाही. आणि पाठवणाऱ्यालाही कळायला हवं की तो भलतीकडे गेला. नाहीतर उद्या कोणाच्या तरी गळ्यात येईल."

मला मुरुडची गाडी गाठायची होती. सहमती झाल्याशिवाय सचिवाला उठता येत नाही. मी बाईंना म्हणालो, "बाई, पान कुठेतरी पोचल्याशी मतलब. बाण काय, असला तर बरा." आणि बाणाचं कलम उचलून परिशिष्टात टाकलं, त्यापुढे ऐच्छिक असं लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. सव्वाचारला मी रिक्षात होतो.

नंतरच्या वर्षांत भाषणं देताना मी बाणाबद्दल अभिमानानं सांगत आलो. कधीकाळी तो ऐच्छिक केला हे मीच विसरलो. म्हणजे दिपालीला ज्या बाणाच्या जोरावर मी चोर ठरवलं, तो बाण छापायची गरज नाही असं माझ्याच सहीनं लिहिलेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर नव्हताच.

आमच्या हिनं जेवायला हाक मारली. मी म्हटलं, भूक नाही. ती म्हणाली, काय झालं? मी पुस्तक तिच्यापुढे केलं. तिनं ओळ वाचली, मला परत दिलं आणि म्हणाली, "त्या पोरीला जाऊन सांगा आधी."

७

शनिवारच्या मीटिंगमध्ये मी सगळं मांडलं. रितेशनं पान दिघीला पाठवलं. दिघीच्या यंत्राला दसऱ्याची विश्रांती होती. कलमानं पान खाडीपलीकडे ढकललं. दिपालीचं यंत्र नियमाप्रमाणे चालू होतं, म्हणून ते तिथे निघालं आणि बंद दवाखान्यात रात्रभर पडून राहिलं. सकाळी दवाखाना उघडल्यावर तिची नजर जाण्याआधीच बाबाजींच्या हातात गेलं. कोणीही काहीही वाईट केलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तांत्रिक बिघाड, असं लिहू या."

"बिघाड नाही," मी म्हणालो. "यंत्रानं सांगितलं तेच केलं. सांगणारा मी. आणि नंतर खोटं बोललोही मीच, न तपासता." ते त्यांनी तसंच लिहिलं की नाही मला माहीत नाही. दिपालीला सन्मानानं परत बोलावल्याचं पत्र मात्र माझ्यासमोर टाईप झालं. रंगूबाईला कोणी काही बोललं नाही. भिंतीवरचा चोवीस तासांचा कागद बाईंनी सहाही दवाखान्यांतून काढायला लावला.

बाबाजींकडेही गेलो. ते म्हणाले, लग्न तर आता मोडलं, पोराला दुसरीकडची मुलगी दाखवायचं ठरलंय. मी म्हटलं, सहा महिन्यांत पोरगी ठणठणीत होईल. ते म्हणाले, होवो बापडी. यापुढे त्यांच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी दिघीला रुचिकाच्या घरी गेलो. तोंडाला रुमाल बांधून ती दारात आली. औषध सुरू होऊन महिना होत आला होता, खोकला कमी होता. मी सगळं सांगितलं, पान दाखवलं, चाचणीचं दुसरं पान शेजारी ठेवून दाखवलं. तिनं दोन्ही नीट पाहिली.

"म्हणजे दिपानं नाही केलं," ती म्हणाली.

"नाही."

ती आत गेली, चप्पल घालून बाहेर आली. "मला घेऊन चला तिच्याकडे."

आगरदांड्याच्या धक्क्यापासून दिपालीचं घर दहा मिनिटांवर. रुचिका माझ्या पुढे चालत होती. अंगणात दिपाली उभी होती, तिला न्यासाचं पत्र मिळालं होतं. रुचिका तिच्यापुढे गेली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडतील आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. माणूस म्हातारपणीसुद्धा आपलीच सोय बघतो.

दिपालीनं तिला खुर्ची दिली. चहा केला, तिघांना दिला. पत्राबद्दल मला म्हणाली, "काका, आभारी आहे. पण मी परत नाही जाणार तिथे. म्हसळ्याला एका दुकानात काम बघितलंय." आवाज सरळ होता, राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"दिपा, चुकलं गं माझं. काकांनी दोन कागद शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा कळलं," रुचिका म्हणाली.

"हो," दिपाली म्हणाली. "मी तुला फोनवर आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. तू फोन ठेवलास. आज यांनी दोन कागद शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा आलीस."

रुचिकानं कप खाली ठेवला.

"औषध रोज घेतेस ना?" दिपालीनं विचारलं.

"घेते."

"मधेच सोडू नको. बरं वाटलं तरी सोडू नको." तिनं कप गोळा केले आणि आत गेली.

आम्ही बसून राहिलो. भांडी घासल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. बऱ्याच वेळानं येसूबाई बाहेर आली, पदराला हात पुसत. माझ्याकडे बघून म्हणाली, "ती न्हाय येनार आता बाहेर. शेवटची बोट चुकंल पोरीची. निघा तुम्ही."

धक्क्यापर्यंत मी रुचिकाबरोबर चालत गेलो. बोट लागत होती, गाड्या उतरत होत्या. ती पायरीवर थांबली आणि रुमालाआडून म्हणाली, "काका, मी तेव्हा नुसतं तिचं ऐकून घ्यायला हवं होतं ना?"

तिला सांगता आलं असतं की तुझा काय दोष, कागदच तसा होता, नोंदच तशी होती. अशी कलमं मला शंभर येतात.

"हो," मी म्हणालो. "मीही. तिच्यावर आळ घेतला त्या दिवशी मी नोंद बघितली, बाण शोधला, डॉक्टरबाईंना सांगून मोकळा झालो. तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, तू हे केलंस का."